बोलके यंत्र आणि संगणक : एका जोडणीचा इतिहास

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, एका छोट्या प्रयोगाने पाठाची सुरुवात करू. विंडोज असलेल्या संगणकावर शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबा. पडद्यावर एक चौकट येईल आणि 'स्टिकी कीज' सुरू करायच्या का, असे विचारेल. गेम खेळताना ही चौकट मध्येच उगवते, म्हणून तुमच्यापैकी अनेकांनी ती वैतागून बंद केली असेल. मीही अनेक वर्षे तेच करत होतो.

ही सोय एका बोटाने, किंवा तोंडात धरलेल्या काडीने, टाइप करणाऱ्या माणसासाठी आहे. त्याला शिफ्ट आणि दुसरी कळ एकाच वेळी दाबता येत नाही. स्टिकी कीज सुरू असतील तर तो आधी शिफ्ट दाबतो, सोडतो आणि मग सवडीने दुसरी कळ दाबतो. संगणक दोन्ही एकत्र दाबल्या असे मानतो. अशा सोयींचे एक कुटुंबच आहे. त्यातली 'सिरीयल कीज' नावाची सोय आता विंडोजमध्ये नाही, पण आजच्या पाठात तिला महत्त्वाचे स्थान आहे. ज्या माणसाला बोलता येत नाही आणि जो यंत्राच्या साहाय्याने बोलतो, त्याने त्याच यंत्राने संगणक चालवावा, यासाठी ती केली होती.

हा इतिहास वाचताना एक सूत्र लक्षात ठेवा. माणूस ज्या साधनाने बोलतो, त्याच साधनाने त्याला कोणताही संगणक चालवता आला पाहिजे, आणि त्यासाठी त्या संगणकावरचा एकही प्रोग्रॅम बदलावा लागू नये. हे आज साधे वाटते. ते तसे वाटू लागायला काही दशके लागली, आणि आपल्या प्रयोगशाळांत ते अजून पूर्णपणे पोहोचलेले नाही.

१. काही संज्ञा

सेरेब्रल पाल्सी, एएलएस, मानेजवळ मणक्याला झालेली इजा, पक्षाघात अशा कारणांनी काही माणसांची वाचा जाते किंवा ती मुळातच नीट येत नाही. अनेकदा हातांवरही ताबा नसतो. विचारशक्ती मात्र शाबूत असू शकते. अशा व्यक्तीला बोलण्यासाठी जी साधने दिली जातात त्यांना पूरक व पर्यायी संवादसाधने म्हणतात. त्यांत अक्षरे लिहिलेली साधी पाटी येते आणि आवाज काढणारे इलेक्ट्रॉनिक यंत्रही येते. या पाठात आपण अशा यंत्राला 'संवादयंत्र' म्हणू.

संवादयंत्रावर अक्षर निवडण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली थेट निवड : बोट, डोक्याला बांधलेली काडी किंवा नजर यांनी हवे ते अक्षर दाखवायचे. दुसरी स्कॅनिंग : यंत्र एकेका ओळीवरून प्रकाश पुढे सरकवते, हवी ती ओळ आली की माणूस एकच स्विच दाबतो, मग त्या ओळीतली अक्षरे एकेक करून उजळतात आणि हव्या त्या अक्षरावर तो पुन्हा दाबतो. हा स्विच हाताने, पायाने, श्वासाने किंवा गालानेही दाबता येतो.

स्कॅनिंगला किती वेळ लागतो, हे तुम्ही स्वतः काढू शकता. सहा ओळी आणि सहा स्तंभांची ३६ घरांची चौकट घ्या. ओळ सापडायला सरासरी साडेतीन पावले आणि स्तंभ सापडायला साडेतीन, म्हणजे एका अक्षराला सात पावले. एक पाऊल एका सेकंदाचे धरले तर पाच अक्षरांच्या शब्दाला ३५ सेकंद. आपण बोलताना मिनिटाला साधारण दीडशे शब्द सहज उच्चारतो. म्हणजे संवादयंत्र वापरणाऱ्याला प्रत्येक शब्द वेळ खर्चून मिळवावा लागतो. एकदा मिळवलेला शब्द त्याला दुसऱ्यांदा टाइप करायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

२. श्वासाने चालणारा टाइपरायटर

इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशायर परगण्यात स्टोक मँडेव्हिल हे रुग्णालय आहे. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये तेथे मणक्याला इजा झालेल्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला. मानेखालचे सगळे शरीर निकामी झालेले रुग्ण तेथे असत. या रुग्णालयात येणारे रेग मेलिंग यांनी १९६० च्या सुमारास अशा रुग्णांसाठी एक यंत्रणा तयार केली. नळीत हलकेच फुंकायचे किंवा नळीतून हवा ओढायची. त्या दाबाच्या फरकाने विद्युत मंडल चालू-बंद होई आणि त्यावरून टाइपरायटरची कळ दाबली जाई.

यंत्रणेचे नाव 'पेशंट ऑपरेटेड सिलेक्टर मेकॅनिझम'. आद्याक्षरांवरून ते 'पॉसम' झाले. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ 'मी करू शकतो' असा आहे.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने येथे काय घडले ते पाहा. टाइपरायटरला सुमारे पन्नास कळा असतात. माणसाकडे मात्र दोनच संकेत होते, फुंकणे आणि ओढणे. या दोन संकेतांतून पन्नास निवडी करण्याचे काम मधल्या पेटीने केले. टाइपरायटर तसाच राहिला आणि माणसावरही अशक्य हालचाल लादली गेली नाही. पुढच्या साठ वर्षांचा इतिहास म्हणजे या मधल्या पेटीचा इतिहास आहे.

३. विस्कॉन्सिनमधली पाटी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसन येथे, १९७१ मध्ये काही विद्यार्थ्यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलासाठी संवादसाधन तयार करायला घेतले. त्यांच्यात ग्रेग व्हॅन्डरहायडेन होते. या मुलाला बोलता येत नव्हते आणि त्याच्या हाताच्या हालचाली अनावर होत्या. अक्षरावर हात नेताना तो वाटेत चार नको त्या अक्षरांवर आदळे. साधा कीबोर्ड दिला तर कागदावर नुसता गोंधळ उमटला असता.

विद्यार्थ्यांनी 'ऑटो-कॉम' नावाची पाटी केली. मुलाने एखाद्या घरावर हात थोडा वेळ स्थिर ठेवला तरच ते अक्षर उमटे. वाटेतले धक्के पाटी मोजतच नसे. नुसते टेकणे म्हणजे निवड नव्हे, थांबणे म्हणजे निवड, एवढाच नियम. आज डोळ्यांच्या हालचालीने संगणक चालवताना आपण एखाद्या बटणावर नजर रोखून धरतो आणि ते दाबले जाते. त्यामागेही हाच नियम आहे.

या कामातून पुढे 'ट्रेस सेंटर' हे संशोधन केंद्र उभे राहिले. ते सुरू करणारे तुमच्याच वयाचे विद्यार्थी होते आणि सुरुवात एका मुलाच्या एका अडचणीतून झाली.

त्याच काळात इंग्लंडमध्ये टोबी चर्चिल हे अभियंते स्वतःच या प्रश्नात सापडले होते. मेंदूच्या आजाराने त्यांची वाचा गेली होती. त्यांनी स्वतःसाठी 'लाइटरायटर' तयार केले. त्यात टाइप केलेली ओळ समोर बसलेल्या माणसाला वाचता येई. समोरच्याने आपल्या खांद्यावरून डोकावून वाचावे लागू नये, त्याच्या डोळ्यांकडे पाहत बोलता यावे, हा त्यामागचा विचार. वापरणारा स्वतःच अभियंता असला की असे मुद्दे सुटत नाहीत.

४. १९८२ : संगणकाची दुहेरी भूमिका

१९७७ मध्ये ॲपल-२ आला आणि १९८१ मध्ये आयबीएम पीसी. संगणक स्वस्त होऊ लागल्यावर अनेकांना वाटले की आता वेगळ्या संवादयंत्राची गरज नाही. संगणकावरच स्कॅनिंगचा प्रोग्रॅम टाकला की काम झाले.

पण एक अडचण होती. त्या काळच्या घरगुती संगणकावर एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले. स्कॅनिंगचा प्रोग्रॅम चालू असेल तर माणूस अक्षरे निवडून वाक्य लिही, छापी, बोलूनही दाखवी. पण शेजारच्या वर्गमित्राप्रमाणे गणिताचा, हिशेबाचा किंवा बेसिक भाषेचा प्रोग्रॅम उघडायचा, तर स्कॅनिंग बंद करावे लागे. ते बंद झाले की त्याचे हातच गेले. म्हणजे संगणक समोर होता, पण तो सगळ्यांचा संगणक नव्हता. अपंग विद्यार्थ्यासाठी खास केलेले मोजके प्रोग्रॅम एवढेच त्याचे जग.

'बाइट' हे त्या काळातले नावाजलेले संगणक-मासिक. सप्टेंबर १९८२ च्या अंकात व्हॅन्डरहायडेन यांचा लेख आला. अपंग व्यक्तीच्या जीवनात संगणक दोन भूमिका बजावू शकतो, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. पहिली भूमिका खास साधनाची, म्हणजे बोलण्या-लिहिण्यासाठी. दुसरी सर्वसाधारण संगणकाची, म्हणजे इतर सगळे जे प्रोग्रॅम वापरतात तेच वापरण्यासाठी. पहिली भूमिका देऊन दुसरी नाकारली, तर शिक्षण आणि नोकरी यांची दारे बंदच राहतात. संगणक जसजसे सगळीकडे शिरतील तसतसा त्याला स्पर्श न करता येणारा माणूस अधिकच बाहेर पडेल, ही त्यामागची चिंता होती.

५. संगणकाला न कळणारी पेटी

उपाय हार्डवेअरमधून आला. त्याला 'कीबोर्ड एम्युलेटर' म्हणतात. एम्युलेट म्हणजे हुबेहूब सोंग घेणे. ही पेटी किंवा कार्ड संगणकाला असे संकेत देते, जणू खऱ्या कीबोर्डवरच कळ दाबली गेली. प्रोग्रॅमला फरक कळत नाही. ॲपल-२ साठी 'ॲडॅप्टिव्ह फर्मवेअर कार्ड' निघाले. पॉल श्वेज्डा आणि व्हॅन्डरहायडेन यांनी त्याची माहिती 'बाइट'च्या त्याच अंकात दिली होती. कार्ड संगणकाच्या आत बसे, चालू प्रोग्रॅमला क्षणभर थांबवी, स्कॅनिंग दाखवी, निवडलेले अक्षर कीबोर्डवरून आल्यासारखे आत सरकवी आणि प्रोग्रॅम पुन्हा चालू करी. बाजारात मिळणारा कोणताही प्रोग्रॅम, एक ओळही न बदलता, एका स्विचवर चालू लागला.

याच सुमारास संवादयंत्रेही सुधारत होती. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या प्रेंटकी-रोमिक कंपनीची टच टॉकर आणि लाइट टॉकर ही यंत्रे १९८० च्या दशकात आली. त्यांत ब्रूस बेकर या भाषातज्ज्ञाची 'मिनस्पीक' पद्धत होती. एकेका चित्राला अनेक अर्थ द्यायचे आणि दोन-तीन चित्रांच्या क्रमाने पूर्ण शब्द तयार करायचा. हे क्रम शिकायला काळ लागतो, पण एकदा हातात बसले की अक्षरे जुळवण्यापेक्षा माणूस कितीतरी जलद बोलतो.

आता विचार करा. असे क्रम वर्षानुवर्षे सरावाने शिकलेला माणूस संगणकासमोर आला. त्याला सांगायचे का, की हे सगळे बाजूला ठेव आणि इथे अक्षर-अक्षर टाइप कर? उलट, तो संवादयंत्रावर जे बोलतो तेच तारेतून संगणकात गेले तर त्याची सगळी कमाई त्याच्याबरोबर येते. म्हणून संवादयंत्राच्या पाठीमागे सिरीयल पोर्ट असणे महत्त्वाचे ठरले.

पण येथे दुसरा प्रश्न उभा राहिला. सिरीयल तारेतून 'ए', 'बी' अशी अक्षरे पाठवता येतात. कंट्रोल, ऑल्ट, बाणाच्या कळा, माऊस डावीकडे सरकवणे, दोनदा क्लिक करणे हे कसे पाठवायचे? प्रत्येक कंपनीने स्वतःची सांकेतिक भाषा केली असती तर प्रत्येक यंत्रासाठी वेगळी पेटी लागली असती. म्हणून ट्रेस सेंटरच्या पुढाकाराने 'जीआयडीईआय' हा संकेत-प्रमाण ठरवण्यात आला. त्याची रचना सोपी होती. साधी अक्षरे जशीच्या तशी पाठवायची. आज्ञा द्यायची असेल तर आधी एस्केप हे चिन्ह, मग स्वल्पविराम, मग आज्ञेचा शब्द, हवी ती माहिती आणि शेवटी पूर्णविराम. संवादयंत्राच्या एका घरात अशी ओळ साठवून ठेवली की ते घर निवडताच माऊस क्लिक होई. बोलायचे घर आणि क्लिक करायचे घर एकाच पाटीवर आले.

पुढे पेटीचे काम सॉफ्टवेअरने घेतले. ट्रेस सेंटरने तयार केलेल्या सोयी आयबीएमने 'ॲक्सेस-डॉस' या नावाने दिल्या आणि विंडोज ९५ मध्ये त्या मूळ प्रणालीतच आल्या. स्टिकी कीज, माऊस कीज, फिल्टर कीज आणि आपली सिरीयल कीज. आता कोणत्याही विंडोज संगणकाच्या सिरीयल पोर्टला संवादयंत्र जोडावे, कंट्रोल पॅनेलमध्ये एक खूण करावी आणि काम सुरू करावे, अशी स्थिती आली. वेगळी खरेदी नाही, वेगळी परवानगी नाही.

६. दुसरी वाट : हॉकिंग यांची खुर्ची

तुमच्या मनात एव्हाना स्टीफन हॉकिंग यांचे नाव आले असेल. त्यांची वाट थोडी वेगळी होती. १९८५ मध्ये न्यूमोनियामुळे त्यांच्या श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि उरलीसुरली वाचा गेली. सुरुवातीला समोरचा माणूस कार्डावरची अक्षरे दाखवी आणि ते भुवई उंचावून निवड करीत. कॅलिफोर्नियातल्या वर्ड्स प्लस कंपनीचे वॉल्ट वोल्टोझ यांनी एएलएस झालेल्या आपल्या सासूबाईंसाठी 'इक्वलायझर' हा प्रोग्रॅम लिहिला होता. तो त्यांनी हॉकिंग यांना दिला. डेव्हिड मेसन यांनी छोटा संगणक आणि आवाजाचे यंत्र खुर्चीवर बसवून दिले. त्या आवाजामागे एमआयटीतले संशोधक डेनिस क्लॅट यांचे काम होते. हातातल्या एका स्विचने हॉकिंग मिनिटाला सुमारे पंधरा शब्द लिहू शकत.

येथे संवादयंत्र संगणकाला जोडलेले नव्हते. संगणकच संवादयंत्र झाला होता. पुढच्या 'ईझी कीज' या प्रोग्रॅममधून ते माऊसही चालवीत, ईमेल पाहत आणि व्याख्याने लिहीत. बोलणे आणि संगणक चालवणे एकाच स्विचवर आले. पुढे हाताचे बळ गेले तेव्हा चष्म्यावर बसवलेला अवरक्त संवेदक गालाची हालचाल टिपू लागला. वेग मिनिटाला एक-दोन शब्दांपर्यंत उतरला. मग लामा नचमन यांच्या नेतृत्वाखाली इंटेलच्या गटाने 'एकॅट' ही नवी प्रणाली तयार केली. पुढचा शब्द सुचवण्यासाठी त्यात स्विफ्टकी कंपनीचे तंत्र वापरले. फाइल उघडणे, शोध घेणे यांसारख्या नेहमीच्या कामांसाठी लागणाऱ्या निवडी तिने कमी केल्या. २०१५ मध्ये इंटेलने ती मुक्त स्रोत म्हणून खुली केली. तुम्ही ती आजही उतरवून तपासू शकता.

हॉकिंग यांच्यामागे जगातल्या मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. म्हणून त्यांची गोष्ट वाचून आपण एक चुकीचा निष्कर्ष काढतो, की असे काम फक्त अलौकिक बुद्धीच्या माणसासाठी आणि अफाट खर्चानेच होते. सिरीयल कीजचा इतिहास नेमके उलट सांगतो. एका सार्वजनिक प्रमाणामुळे साध्या शाळेतल्या साध्या मुलालाही तोच हक्क मिळाला.

७. सिरीयलकडून यूएसबीकडे

सोयी येतात तशा जातातही. संगणकांवरून सिरीयल पोर्ट नाहीसे झाले आणि विंडोज व्हिस्टापासून सिरीयल कीजही राहिली नाही. जुनी संवादयंत्रे वापरणाऱ्यांना नवा संगणक घेतला की बाहेरचे सॉफ्टवेअर शोधावे लागे. संवादयंत्र महाग असते, ते माणूस अनेक वर्षे वापरतो. संगणक मात्र चार-पाच वर्षांत बदलतो. या दोन आयुष्यांचा मेळ बसत नाही, आणि त्याची किंमत वापरणारा मोजतो.

मात्र जे तत्त्व १९८२ मध्ये कार्ड बसवून साधावे लागले, ते यूएसबीने जवळजवळ फुकट दिले. यूएसबीमध्ये प्रत्येक उपकरण जोडताक्षणी आपला वर्ग सांगते. कीबोर्ड आणि माऊस यांचा एक वर्ग, पेन ड्राइव्हचा दुसरा. संवादयंत्राने 'मी कीबोर्ड आहे' असे सांगितले की संगणक विश्वास ठेवतो. कोणताही ड्रायव्हर लागत नाही. ब्लूटूथनेही हेच होते. आजची अनेक संवादयंत्रे अशीच जोडली जातात. नजरेने संगणक चालवण्याची सोय २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये आली. स्विचने चालवण्याची सोय ॲपल व अँड्रॉइडच्या फोनमध्येही असते.

८. भारतीय भाषांचा पेच

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू केली. त्यांच्या कन्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्या एका बोटाने टाइप करतात आणि बोलण्यासाठी लाइटरायटर वापरत आल्या आहेत. 'वन लिटल फिंगर' हे त्यांचे आत्मचरित्र २०१० मध्ये आले. टोबी चर्चिल यांनी केंब्रिजमध्ये स्वतःसाठी केलेले यंत्र असे मुंबईपर्यंत पोहोचले. पण ते बोलणार होते इंग्रजीत.

भारतीय भाषांसाठी काम आपल्याच संस्थांना करावे लागले. आयआयटी खरगपूरमध्ये अनुपम बसू यांच्या गटाने 'संयोग' ही प्रणाली केली. चित्रे निवडली की त्यांतून भारतीय भाषेतले वाक्य तयार होते. चेन्नईत अजित नारायणन यांच्या कंपनीने 'आवाज' हे साधन आणले. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या अभिकल्प-विद्यालयात तयार झालेले 'जेलो' हे चित्राधारित ॲप मराठीतही बोलते. या साधनांचा मुख्य भर बोलण्यावर आहे. त्यांतून मराठीत संगणक चालवायचा म्हटले की एक वेगळाच तांत्रिक पेच येतो.

कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही. तो फक्त कळेचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचे अक्षर कोणते, हे संगणकावर निवडलेला कीबोर्ड-आराखडा ठरवतो. समजा संवादयंत्रावर 'पाणी' हा शब्द निवडला. संगणक इनस्क्रिप्ट आराखड्यावर असेल, तर यंत्राने इंग्रजी कीबोर्डवरच्या एच, ई, शिफ्टसह सी आणि आर या कळा दाबल्याचे सोंग घेतले पाहिजे. तेव्हा प, काना, ण आणि दीर्घ वेलांटी मिळून 'पाणी' उमटते. संगणक इंग्रजी आराखड्यावर असेल तर त्याच कळांतून निरर्थक अक्षरे येतात. म्हणजे यंत्राला समोरच्या संगणकाचा आराखडा माहीत असावा लागतो. इंग्रजी वापरणाऱ्याला हा प्रश्न क्वचितच पडतो, म्हणून परदेशी यंत्रांत त्याचा विचार सहसा आढळत नाही.

शिवाय स्कॅनिंगचे गणित पुन्हा करा. देवनागरीत व्यंजने, स्वर, मात्रा, अनुस्वार, हलन्त आणि विरामचिन्हे धरली तर आठ गुणिले आठ म्हणजे ६४ घरांची चौकट सहज लागते. सरासरी पावले साताऐवजी नऊ होतात. बंगाली, तेलुगू, गुजराती यांतही चित्र थोड्याफार फरकाने असेच आहे. पण आपल्या लिपीत एक फायदाही आहे : व्यंजनानंतर मात्रा येण्याची शक्यता मोठी असते. यंत्राने व्यंजन निवडल्याबरोबर मात्रांची ओळ आधी उजळली तर पावले वाचतात. हा अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला चांगला विषय आहे.

९. आमच्या प्रयोगशाळेतला एक प्रसंग

हा इतिहास मी मुद्दाम शिकलो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात प्रोग्रॅमिंगची प्रयोगशाळा पाहत होतो. वर्गात एक विद्यार्थिनी होती. ती टॅबलेटवरच्या संवादयंत्राने बोलत असे आणि ते यंत्र तारेने जोडले की कीबोर्ड म्हणून चाले. घरी ती त्यानेच प्रोग्रॅम लिही. प्रयोगशाळेत मात्र सगळे यूएसबी पोर्ट बंद होते. पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतात म्हणून. नियम सर्वांना सारखा.

मी तिला लेखनिक देऊ केला. मला वाटले, मी मदत करतो आहे. तिने यंत्रावर उत्तर लिहायला बराच वेळ घेतला. म्हणणे असे होते : सर, लेखनिक माझा विसरलेला सेमीकोलन नकळत घालून टाकेल, चूक करायची तर ती माझी असू द्या.

मी निरुत्तर झालो. प्रोग्रॅमिंग शिकणे म्हणजे चूक करणे, संगणकाने ती दाखवणे आणि ती आपणच दुरुस्त करणे. लेखनिक देऊन मी तिच्याकडून तेच काढून घेत होतो. नंतर प्रणाली सांभाळणाऱ्या सहकाऱ्याशी बसून आम्ही पोर्ट सरसकट बंद ठेवण्याऐवजी फक्त साठवणुकीचा वर्ग बंद केला आणि कीबोर्डचा वर्ग खुला ठेवला. काम तासाभराचे होते. पण त्याआधी तिचे निम्मे सत्र गेले होते, आणि ते परत देता आले नाही.

माझ्या सहकाऱ्याची शंका खोटी नव्हती, हेही सांगायला हवे. संगणक कीबोर्डवर डोळे झाकून विश्वास ठेवतो म्हणून खोटा कीबोर्ड बनवून हल्लेही केले जातात. परीक्षेत पडदा बंदिस्त करणारी सॉफ्टवेअर पडद्यावरचा कीबोर्ड आणि इतर प्रोग्रॅम अडवतात. जी पारदर्शकता एका माणसाला दार उघडून देते, तिलाच सुरक्षेच्या नावाखाली कुलूप लागते. उपाय आहे : ज्या यंत्राची ओळख आधी नोंदवली आहे त्याला परवानगी द्यायची. मात्र हा विचार परीक्षेच्या दिवशी सकाळी नव्हे, प्रवेशाच्या दिवशीच करायला हवा.

समारोप

पॉसमची नळी, ऑटो-कॉमची पाटी, ॲपल-२ मधले कार्ड, सिरीयल कीज, हॉकिंग यांचा गालावरचा स्विच आणि आजचा यूएसबी कीबोर्ड ही एकाच कामाची रूपे आहेत. प्रत्येक वेळी कोणीतरी माणूस आणि यंत्र यांच्या मध्ये उभे राहून दोघांना न बदलता जोडले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत पूरक व पर्यायी पद्धतींचा आणि सुगम माहिती-तंत्रज्ञानाचा समावेश केला आहे. कायदा हक्क देतो. पोर्ट मात्र आपल्यालाच उघडावा लागतो. उद्या तुमच्यापैकी कोणी प्रयोगशाळा सांभाळेल, कोणी परीक्षेचे सॉफ्टवेअर लिहील, कोणी कंपनीचे सुरक्षा-नियम ठरवील. त्या वेळी ही जोडणी टिकवणे किंवा तोडणे तुमच्या हातात असेल.

विचारासाठी प्रश्न

१. 'खास साधन' आणि 'सर्वसाधारण संगणक' या दोन भूमिकांतला फरक तुमच्या महाविद्यालयातले उदाहरण घेऊन स्पष्ट करा.

२. तुमच्या मातृभाषेच्या लिपीसाठी स्कॅनिंगची चौकट आखा. सर्वाधिक वापरली जाणारी अक्षरे पहिल्या ओळींत ठेवल्यास सरासरी पावले किती कमी होतात, ते एका परिच्छेदावर मोजून पाहा.

३. संवादयंत्र पुढचा शब्द सुचवते. परीक्षेत ही सोय चालू ठेवावी का? भाषेच्या परीक्षेसाठी आणि प्रोग्रॅमिंगच्या परीक्षेसाठी तुमचे उत्तर एकच असेल का?

४. तुमच्या प्रयोगशाळेत यूएसबीचा नियम काय आहे? संवादयंत्र वापरणारा विद्यार्थी उद्या आला तर त्याला काम सुरू करायला किती दिवस लागतील, ते संबंधितांना विचारून लिहा.